हातातले यंत्र आणि अवधूताची दृष्टी



दत्तभक्तहो, "आता या वयात कशाला?" हे वाक्य आपल्या घरांतून दोन प्रसंगी हमखास ऐकू येते. एकदा नवा सदरा शिवायचा विषय निघाला की, आणि दुसऱ्यांदा मुलाने मोठा मोबाईल आणून हातात ठेवला की. सदऱ्याच्या वेळी त्या बोलण्यात खरी निरिच्छता असू शकते. दोन सदरे आहेत, तिसऱ्याची गरज नाही, विषय संपला. मोबाईलच्या वेळी मात्र हेच वाक्य जरा तपासून घ्यावे लागते. कारण त्याच्या पोटात वैराग्य असते तशी भीतीही असते, आणि कधी कधी नातवाकडून शिकावे लागण्याचा कमीपणाही असतो. बाहेरून तिन्हींचा सूर सारखाच लागतो.

आपण दत्तसंप्रदायातले लोक. त्यागाचे महत्त्व आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. उतारवयात माणसाने पसारा आवरावा, वाढवू नये, हे आपण कीर्तनांतून ऐकत आलो. मग साठी-सत्तरी उलटल्यावर नवे यंत्र घ्यायचे, त्याचा पासवर्ड पाठ करायचा, त्याचे रिचार्ज सांभाळायचे, हे मोहात पाय घालणे झाले की काळाप्रमाणे वागणे झाले? मंदिराच्या पारावर या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा हसण्यावारी जाते. मला वाटते त्याचा थोडा गंभीरपणे विचार व्हावा.

शहापूरकडचा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. "मी त्या मोबाईलला हात लावत नाही," असे ते अभिमानाने सांगतात. मुलगा पहाटेची आसनगाव लोकल धरून ठाण्याला कामाला जातो, रात्री नऊला परत येतो. गॅसचा नंबर लावणे, लाइट बिल भरणे, बँकेतून आलेला मेसेज वाचणे, डॉक्टरांची वेळ घेणे हे सारे तो गाडीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने करतो. म्हणजे वडिलांच्या वाट्याचा मोबाईल कोणीतरी वापरतोच आहे. वडील निर्लेप राहिले आणि लेप मुलाला लागला. वस्तू सोडल्यावर तिचे काम कोणावरच पडत नसेल तर तो त्याग. ते काम दुसऱ्याच्या अंगावर गेले असेल तर त्याला सोय म्हणावे, वैराग्य म्हणू नये.

यावर काही जाणकार मंडळी अवधूताच्या अजगराचा दाखला देतात. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात सातव्या ते नवव्या अध्यायांत यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. हा अवधूत म्हणजे साक्षात दत्तात्रेय अशी आपली श्रद्धा, आणि एकनाथ महाराजांनी त्यावर मराठीत केवढे विस्ताराने लिहिले आहे हे वाचकांना ठाऊकच आहे. चोवीस गुरूंपैकी अजगर हा एक. तो जागेवर पडून राहतो, आपोआप मिळेल ते खातो, मिळाले नाही तर उपाशी राहतो. दाखला खरा आहे, पण अर्धाच. अजगर कोणाला हाक मारून "जरा माझं एवढं रिचार्ज मार रे" असे सांगत नाही.

आता आपल्याच भागातली एक हकिकत. मुरबाड तालुक्यात 2016 या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हींची बातमी देशभर गेली.

पहिली फांगणे गावची. छोटेसे गाव. शिवजयंतीच्या निमित्ताने तिथे वाचन-पारायण चालले होते, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आम्हाला वाचता येत असते तर आम्हीही वाचले असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते बोलणे मनावर घेतले. मोतीराम दलाल ट्रस्टची मदत मिळाली, आणि 8 मार्च 2016 ला, महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून, दुपारच्या वेळी पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागल्या. कोणाला ऐकू कमी येते, कोणाला दिसत कमी. तरी बाराखडी गिरवली, आणि सही करायला शिकल्या.

"या वयात कशाला?" हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसेल काय? नक्की विचारला असेल. पण त्यांना नोकरी नको होती की परीक्षा नको होती. त्यांना पोथी वाचायची होती, आणि बँकेत गेल्यावर अंगठा पुढे करायची लाज वाटत होती. शिकण्याचे कारण स्पष्ट होते, तेवढ्यापुरते त्या शिकल्या. अशा शिकण्याला मोह कसे म्हणणार?

दुसरी गोष्ट धसई गावची. आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांची ती बाजारपेठ. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी झाली आणि पुढे तीन आठवड्यांतच, 1 डिसेंबरला, धसई हे महाराष्ट्रातले पहिले 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झाले. मंत्री आले, बँकेने दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रे दिली, वाहिन्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या. काही महिन्यांनी पत्रकार पुन्हा तिकडे फिरकले, तेव्हा बराचसा व्यवहार रोखीवर परत आलेला त्यांना दिसला. मला त्यात धसईकरांचा दोष दिसत नाही. तांदळाची गोणी डोक्यावर घेऊन आलेल्या माणसाला तीन आठवड्यांत आयुष्यभराची सवय बदल म्हटले तर तो मान डोलावतो आणि घरी जाऊन पुन्हा कनवटीची नोट काढतो. पुढे यंत्रे मागे पडली, चौकोनी ठिपक्यांचा कागद आला, आणि ज्यांना नको होते तेही कोणाचे तरी बघून, एकेक करून वळले. आज मुरबाडच्या बाजारात भाजीवालीच्या पाटीला तो कागद चिकटवलेला असतो. जाहीर करून जे झाले नाही ते हळूहळू झाले.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की एक बारीकसे दुःख ध्यानात येते. त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ते आपल्या घरांतलेच आहे.

अंगठा हा आपल्याकडे निरक्षरतेचा शिक्का. 'अंगठेबहाद्दर' ही शिवीच. फांगण्याच्या आज्यांनी तो पुसण्यासाठी म्हातारपणी पाटी धरली. आणि साधारण त्याच काळात, वर्ष-दोन वर्षे इकडेतिकडे, रेशनच्या दुकानात यंत्र आले आणि म्हणाले, अंगठा ठेवा. सही नको, अंगठाच हवा. ज्याची लाज वाटून सही शिकली तोच अंगठा पुन्हा पुढे करायचा, आणि गंमत अशी की आता शिकलेल्या मास्तरांनीही तोच पुढे करायचा. हे एक वेळ चालेल, समता आली म्हणू. पण ज्या बाईने पन्नास पावसाळे आवणी केली, बेणणी केली, विळ्याने भात कापले, सारवण केले, तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र म्हणते, जुळत नाही. पुन्हा ठेवा. पुसून ठेवा. दुसरे बोट ठेवा. मागे रांग खोळंबते आणि ती बाई ओशाळते. जिच्या हातांनी भात पिकले त्याच हातांना यंत्र ओळखत नाही, आणि वरमते ती.

अशा वेळी दुसरी सोय असते. मोबाईलवर आकडा येतो, तो सांगितला की काम होते. पण तो आकडा कोणाच्या मोबाईलवर येतो? पुष्कळ घरांत म्हातारीच्या खात्याला आणि आधारला जोडलेला नंबर मुलाचा असतो, नाहीतर भाच्याचा, नाहीतर ज्या शेजाऱ्याने त्या दिवशी फॉर्म भरून दिला त्याचा. तो भिवंडीला कामावर असतो, फोन उचलत नाही. दत्तभक्तहो, इथे प्रश्न मोहाचा राहत नाही. आपल्या नावाच्या पैशाची किल्ली आपल्या कमरेला असावी की नाही, एवढाच राहतो. सासूच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा पाहत मोठी झालेली आपली पिढी. त्या जुडग्याला कोणी आसक्ती म्हटले नाही. त्याला घराची जबाबदारी म्हटले.

मग अवधूताने आपल्याला या बाबतीत काय शिकवले? मला त्याच्या शिकण्याच्या रीतीचे नेहमी आश्चर्य वाटते. चोवीस गुरू केले, पण कोणाचेही सगळे घेतले नाही. अजगराकडून स्वस्थता घेतली, पण भक्ष्याला विळखा घालणे घेतले नाही. समुद्राकडून भरती-ओहोटीत मर्यादा न सोडणे घेतले, त्याचा खारटपणा नाही. मधुकराकडून फुलाफुलातून थोडे थोडे घेणे शिकला, आणि साठा करणाऱ्या माशीकडून साठा करू नये हे शिकला. काही गुरू तर केवळ काय करू नये हे दाखवण्यासाठीच आहेत. मोबाईल आला म्हणजे त्यातले सगळेच आले पाहिजे असे मानणारे आणि त्यातले काहीच नको म्हणणारे, दोघेही या रीतीत बसत नाहीत.

चोविसांतला पतंग, हरीण आणि मासा यांच्याकडे आजच्या डोळ्यांनी पाहा. पतंग दिव्याच्या रूपाला भुलून जळतो, हरीण गाण्याच्या नादाने फासात सापडते, मासा आमिषाच्या चवीने गळाला लागतो. रूप, नाद आणि आमिष ही तिन्ही त्या एका काचेच्या तुकड्यात एकत्र आहेत. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एकामागून एक छोटी छोटी चित्रे सरकवत बसणे हे काही फक्त तरुणांचे व्यसन नव्हे. सत्तरीचे गृहस्थही बारा-बारा वाजेपर्यंत बसतात आणि सकाळच्या काकडआरतीला येत नाहीत. (कोणी ते मी लिहीत नाही. त्यांना कळेल.) बाण करणारा कारागीर हाही अवधूताचा गुरू. बाण सरळ करण्यात तो एवढा गढला की राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली ती त्याला कळली नाही. नातू मोबाईलमध्ये मान घालून बसला की तसाच दिसतो. फरक इतकाच, की कारागिराच्या हातून शेवटी एक बाण तयार व्हायचा.

मध गोळा करणारा माणूस, मधुहा, हाही गुरू. माश्यांनी कष्टाने साठवले ते तो एका फटक्यात नेतो. आजचा मधुहा फोन करतो. "तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, आम्ही पोलीस बोलतोय, कॅमेऱ्यासमोरून उठू नका, याला डिजिटल अटक म्हणतात." अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. पण आयुष्यभर सरकारी कागदाला घाबरत आलेला माणूस थरथरतो आणि निवृत्तीची पुंजी पाठवून मोकळा होतो. म्हणून जे शिकायचे त्यातले पहिले हेच शिकावे: पैसे घेताना पिन कधीही लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार. बँक फोनवर आकडा विचारत नाही. आणि फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच 1930 या क्रमांकावर कळवायचे. उशीर होईल तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी. लाजेपोटी मुलालाही न सांगणारे वडील चोराला हवे असतात.

ही भीती खरी आहे म्हणून यंत्रच नको, असे काही जण म्हणतात. त्यांना एक जुनी गोष्ट सांगाविशी वाटते. आज आपण गुरुचरित्राची छापील पोथी सोवळ्यात हाती घेतो, पाटावर ठेवतो, तिला गंध-फूल वाहतो. पण छापील पोथी जेव्हा नवी होती तेव्हा सोवळ्यातली माणसे तिला शिवत नव्हती. शाईत चरबी असते असा आक्षेप होता. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी छापखाना काढला, मराठी पंचांग छापले, आणि हा आक्षेप दूर करण्यासाठी शाईत चरबीऐवजी तूप घातले. त्या काळच्या कर्मठ माणसाचा आक्षेप मूर्खपणाचा होता असे मी म्हणणार नाही. त्याने प्रश्न विचारला म्हणून तर शाई बदलली. नव्या वस्तूला एकदम मिठी न मारता "यात काय घातलंय?" असे विचारणारा म्हातारा समाजाला हवाच असतो. मात्र त्याने उत्तर ऐकून घेण्याची तयारी ठेवावी.

मोबाईलवर पोथी वाचली तर चालेल का, हा प्रश्न आता सप्ताहाच्या वेळी दरवर्षी निघतो. मोतीबिंदू झालेल्याला अक्षर मोठे करून वाचता येते, अंथरुणाला खिळलेल्याला पारायण ऐकता येते, हे त्यातले मोठे सुख. अडचण एवढीच, की पोथीत वाचता वाचता मध्येच भाचीच्या लग्नाचा निरोप येत नाही. पारायणाचा नेम ज्यांनी घेतला आहे त्यांनी शक्यतो पोथीवरच करावे, आणि ज्यांचे डोळे साथ देत नाहीत त्यांनी फोनची रेंज बंद करून निर्धास्त वाचावे, असे माझे मत. अधिकारी व्यक्तींचे वेगळे असू शकेल.

इथे मला कुमारीची गोष्ट आठवते. तीही चोवीस गुरूंपैकीच. आपल्या भाताच्या मुलखातल्या बायांना ती जवळची वाटावी. घरात पाहुणे आले, आईबाप बाहेर गेलेले, म्हणून मुलगी आतल्या खोलीत साळी कांडायला बसली. हातातली कांकणे वाजू लागली. घरची गरिबी पाहुण्यांना कळेल म्हणून तिने एकेक कांकण उतरवले. दोन दोन उरली, तरी वाजतच होती. शेवटी हातात एकेक ठेवले, आणि आवाज थांबला. अवधूताने त्यातून एकांत घेतला. मी त्यातून तिचे 'एकेक करून' उचलतो. सकाळपासून मोबाईल वाजत असतो: गावचा ग्रुप, भाऊबंदांचा ग्रुप, मंदिराचा ग्रुप, शाळेतल्या मित्रांचा ग्रुप, आणि प्रत्येकात फुलांचे सुप्रभात. एकेक करून त्यांचा आवाज बंद करता येतो. कोणाला न दुखावता येतो, कारण त्यांना कळतही नाही. घेतानाही असेच एकेक घ्यावे. आधी फोन उचलणे आणि लावणे. मग मेसेज वाचणे. महिन्याभराने एखादे छोटे बिल भरणे, तेही शंभर-दोनशेचे, आणि मोठी पुंजी ज्या खात्यात आहे ते मोबाईलला न जोडता वेगळेच ठेवणे. वाट हळू आहे, पण धसईच्या घाईपेक्षा ती मला जास्त भरवशाची वाटते.

शिकवणार कोण? नातवंडेच. "आबा, अहो किती वेळा सांगितलं, तिकडे दाबू नका!" हे ऐकून घेणे जड जाते, खरे आहे. ज्याला आपण बोट धरून चालायला शिकवले त्याच्यापुढे शिष्य होऊन बसायचे. पण अवधूताच्या यादीत बालकही आहे आणि मघाची कुमारीही आहे. मानापमानाची फिकीर नसणे हा बालकाचा गुण, आणि शिकणाऱ्याला सर्वांत आधी तोच लागतो. नातवंडांनाही एक सांगणे आहे. आजोबांच्या हातातून फोन हिसकावून दोन सेकंदांत काम करून परत देऊ नका. त्यांच्याच बोटाने करू द्या, तीनदा चुकू द्या. तुम्ही पाटीवर 'अ' काढताना ते घड्याळ पाहत नव्हते.

आणि ज्याला जमणार नाही त्याचे काय? डोळे गेले, हात कापतो, विसर पडतो. डोळखांबच्या आतल्या पाड्यांवर, माळशेजच्या पायथ्याच्या वाड्यांवर रेंज येते आणि जाते. कातकरी-ठाकरांच्या वस्तीत एखाद्या घरात एकच फोन, तोही बंद पडलेला. हे लोक मागासलेले, असे म्हणून सुटता येणार नाही. निवृत्तिवेतनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन यादीवर सही करायची. 2014 पासून तो बोटाच्या ठशावर निघू लागला, आणि 2021 पासून मोबाईलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही निघतो. घराबाहेर पडू न शकणाऱ्यासाठी हे वरदानच आहे. पण ज्याला हे जमत नाही तो जिवंत नाही असे काही होत नाही. त्याच्यासाठी खिडकीपलीकडे माणूस बसलेला असलाच पाहिजे, आणि आपल्यापैकी ज्यांना यंत्र जमले त्यांनी "अहो, सोपं आहे" म्हणत त्याला हिणवू नये. आपण शिकावे ते, खिडकीवरची रांग त्याच्यासाठी कमी व्हावी म्हणूनही.

शेवटी एक सूचना, मंदिराच्या मंडळींनी विचार करावा अशी. गुरुवारच्या आरतीला तरुण मुले-मुली येतात, प्रसाद घेतात आणि जातात. त्यांतल्या दोघा-चौघांना प्रसादानंतर अर्धा तास थांबवून घ्यावे. ज्येष्ठांनी आपापले फोन आणावेत, चष्मा विसरू नये, आणि पिनचा कागद मात्र घरीच ठेवावा. पहिल्या गुरुवारी फक्त एकच काम करावे: आपल्या खात्याला नेमका कोणाचा नंबर जोडलेला आहे ते बँकेच्या पासबुकासह पाहून घ्यावे, आणि दुसऱ्याचा निघाला तर तो बदलण्यासाठी कोणते कागद लागतील ते लिहून न्यावे. बसायची सोय सभामंडपात आहे, पण रेंज तिथे धड मिळत नाही. औदुंबराच्या पारावर मिळते.